भाचीला हेल्थकेअर कंपनीत घालू का? आतल्या लोकांनी सांगा

कळंबा_मामा

रामराम मंडळी. भाचीचं बी.फार्म. झालं, कोल्हापुरातच. निकाल लागल्यापासून घरात जेवणाच्या ताटावर दुसरा विषय नाही. पोरीपुढे सध्या तीन वाटा आहेत. औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून कंपनीची औषधं सांगायची, एचक्यू (मुख्य ठिकाण) कोल्हापूरच. नाहीतर गोव्यात वेर्ण्याला गोळ्यांच्या प्लँटमध्ये क्यूए, म्हणजे गुणवत्तेवर लक्ष ठेवायचं. नाहीतर पुण्यात मेडिकल कोडिंग, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं बसून करायचं काम. सुरुवातीचा पगार तिन्हीकडे उन्नीस-बीस.

दाजी म्हणतात, हेल्थकेअर आहे ना, मग डोळे झाकून जा, लोक आजारी पडायचे थांबत नाहीत. ताई म्हणते पुण्याचं काम आहे (शहर नव्हे, पुण्य). माझी सगळी नोकरी शिरोलीच्या फौंड्रीत गेली. आमच्याकडे कास्टिंग रिजेक्ट झालं की वितळवून परत ओततात, औषधाचं काय करतात देव जाणे. म्हणून आतल्या लोकांना विचारतोय. तिथं काम करणाऱ्याला ते खरंच काही वेगळं वाटतं, का साबण विकला काय आणि गोळ्या विकल्या काय, सारखंच?

बॅग_नेहमी_भरलेली

मामा, एमआरकीत केस पांढरे झाले, त्यामुळे पहिल्या वाटेबद्दल मीच बोलतो.

साबणवाल्याचं काम सोपं आहे. दुकानदाराला म्हणायचं, चार पेट्या उतरव. आमची गंमत अशी की ज्याला आम्ही औषध सांगतो तो ते विकत घेत नाही, आणि जो विकत घेतो त्याचं तोंडही आम्ही बघत नाही. डॉक्टर लिहिणार, केमिस्ट देणार, पेशंट पैसे मोजणार, आणि महिन्याच्या शेवटी फोन मला येणार: "क्लोजिंग किती?" म्हणजे महिन्याची विक्री किती झाली.

दिवस असा जातो. सकाळी दोन-तीन हॉस्पिटलं, दुपारी केमिस्टकडे आरसीपीए, म्हणजे कुठला डॉक्टर कुणाचं औषध लिहितोय ते गोड बोलून काढून घ्यायचं. संध्याकाळी राजारामपुरीत ओपीडीबाहेर उभं राहायचं. आत गेलं की "सर, दोनच मिनिटं", आणि ती दोन मिनिटंही पेशंटनं दार ढकललं की संपली. महिन्यातून काही दिवस गडहिंग्लज-आजरा-चंदगड. पूर्वी डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवाल, रात्री घरी बसून भरायचो, आता ॲपला जीपीएस आहे. चंदगडात रेंज नाही, पण साहेबाला लोकेशन पाहिजे.

चांगलंही आहे. ओळखी होतात. घरात कुणी आजारी पडलं तर कुणाकडे जायचं नि कुणाकडे नाही, हे पंचक्रोशीत आमच्याइतकं कुणाला कळत नाही.

नाद_खुळा_९

कुठल्या डॉक्टरच्या वेटिंगमधला एसी चालू असतो हे पण यांनाच माहीत. मे महिन्यात या माहितीला लई किंमत हाय.

भाऊसिंगजी_रोडवाला

बॅगवाले दादा क्लोजिंग म्हणून पुढं गेले, ते कसं होतं ते मी सांगतो. माझी घाऊक औषधांची एजन्सी आहे. महिन्याच्या अखेरच्या दोन दिवसांत हेच सगळे दादा दुकानात. "भाऊ, पन्नास हजाराचं बिल उचला, पुढच्या महिन्यात काढून देतो." पुढच्या महिन्यात दादाची बदली सोलापूरला, माल माझ्या रॅकवर, आणि एक्सपायरी परत घ्यायची म्हटलं की कंपनी म्हणते क्लेम उशिरा आला. टार्गेट कंपनीचं, झोप माझी उडालेली.

पण खोटं बोलणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं शिरोलीजवळ हायवे बंद पाडला तेव्हा पुण्याकडून एक गाडी येईना. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवायला लागतं. लाइट गेलेली, जनरेटर होता तर डिझेल मिळत नव्हतं. ज्या एमआरला महिनाअखेरीला मी शिव्या घालतो तोच पोरगा कुठनं तरी बर्फाच्या लाद्या घेऊन आला. त्याच्या कंपनीचं इन्सुलिनही नव्हतं ते. थर्मोकोलचे खोके, थर्मामीटर आत, आणि दर तासाला आम्ही दोघं झाकण उघडून बघतोय. डोस घ्यायला रांग लागलेली, कुणी ब्रँड विचारत नव्हतं.

साबणवाला आला असता का, ते तुम्ही ठरवा.

बॅग_नेहमी_भरलेली

भाऊ, सोलापूरला बदली झालेला मी नव्हे हे इथं स्पष्ट करतो.

पेठेतला_डॉक्टर

एमआर आले नाहीत तर नवीन औषध आलंय हे आम्हालाही उशिरा कळतं, हे कबूल. पण ते जे सांगतात ते कंपनीनं छापलेलं सांगतात, आणि त्या चकचकीत पानावरचा आलेख नेहमी वरच चढतो. भाचीनं बी.फार्म. केलंय, तिनं त्या आलेखाच्या खालची बारीक अक्षरं वाचायची सवय सोडू नये.

भेटवस्तूंचा जमाना जरा आटोपतोय. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषध विक्रीची नवी आचारसंहिता आणली, यूसीपीएमपी. डॉक्टरला भेटी नाहीत, कॉन्फरन्सच्या नावाखाली सहल नाही, फुकट सॅम्पलचं मूल्य कंपनीच्या वर्षाच्या देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांच्या वर नाही. पाळतात का? काही पाळतात, काही नवी वाट काढतात. ती वाट कुणाच्या पायांनी चालायची असते? एमआरच्याच. मुलाखतीत भाचीनं हे सरळ विचारावं.

नाद_खुळा_९

डॉक्टरसाहेब, म्हणजे माझ्या घरातली ती पाच भिंतीवरची घड्याळं जपून ठेवू का? सगळ्यांवर ॲसिडिटीच्या गोळीचं नाव हाय.

क्यूए_वाली_वेर्णा

मी इचलकरंजीची, बरीच वर्षं गोव्यात. मामा, तुमच्या कास्टिंगच्या प्रश्नाचं उत्तर आधी. आमच्याकडे वितळवून ओतायची सोय नाही. क्वचित, चार सह्यांची परवानगी घेऊन रीप्रोसेस होतं, नाहीतर माल नष्ट करतात. आणि नष्ट केल्याचाही कागद करायचा, तो तपासायचा, त्यावर सही करायची.

कागद हेच आमचं काम. एका बॅचचं रेकॉर्ड, म्हणजे बीएमआर, नीट उचलायला दोन हात लागतात. नवी मुलगी आली की तिला पहिल्यांदा औषध शिकवत नाहीत, खोडायला शिकवतात. व्हाइटनर नाही. गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. वजन ९ वाजून ५८ मिनिटांनी घेतलं तर ९.५८ च लिहायचं, "दहा" लिहिलं की रात्री ऑडिटरचं स्वप्न पडतं. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हा आमच्याकडचा मंत्र आहे.

आता कंटाळ्याच्या पलीकडचं सांगते. पॅकिंगला एक प्रॉडक्ट संपून दुसरं लागायच्या आधी लाइन क्लिअरन्स असतो. टॉर्च घेऊन मशीनखाली वाकायचं, कन्व्हेयरच्या सांध्यात बघायचं, डस्टबिन उलटी करायची. आधीच्या मालाची एक गोळी, एक रिकामं कार्टनसुद्धा सापडलं तर लाइन सुरू होत नाही. ही अडवणूक वाटेल, पण रक्तदाबाच्या पाकिटात मधुमेहाची गोळी गेली तर काय, याचा विचार करा. त्या वेळी प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा असतो. "मॅडम, सोडा की, डिस्पॅचची गाडी लागलीय." माझा पगार त्या एका वेळी "नाही" म्हणायचा आहे. चांगल्या प्लँटमध्ये त्या "नाही"च्या मागे साहेब उभा राहतो. वाईट प्लँटमध्ये साहेब फोन करून म्हणतो, जरा ॲडजस्ट करा.

२०२२ मध्ये गांबियात मुलं दगावली, भारतात बनलेल्या कफ सिरपशी त्याचा संबंध असल्याचा इशारा ऑक्टोबरात डब्ल्यूएचओनं दिला. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं होतं. आमच्याकडे सिरप होत नाही, तरी सगळ्यांना बसवून प्रशिक्षण दिलं. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी कुणी डिस्पॅचचा विषय काढला नाही. २०२३ च्या अखेरीला सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी नियम, आल्यापासून छोट्या प्लँटनाही पळापळ करावी लागतेय, त्यामुळे क्यूएवाल्यांना मागणी आहे.

तोटे: आत जाताना अंगठी, बांगडी, घड्याळ, नेलपॉलिश, पावडर सगळं बाहेर. ऑडिट आलं की रजा रद्द, मग घरी गणपती असोत नाहीतर सख्ख्या भावाचं लग्न. आणि तांबडा-पांढरा मिळत नाही, मिळतो म्हणतात तो नसतो.

दसरा_चौकातला

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. बाकीचं ठीक.

कोडर_खराडी

तिसरी वाट माझी. मीही फार्मसीवाला, मूळ गाव कागलजवळ.

अमेरिकेत पेशंट डॉक्टरकडे गेला की डॉक्टरनं लिहिलेला चार्ट आमच्याकडे येतो. तो वाचून आजाराला आणि उपचाराला कोड द्यायचे, त्यावरून विमा कंपनी पैसे देते. आजारांचे कोड आयसीडी-१० चे. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहेत आणि दर ऑक्टोबरला बदलतात, संख्या ७०,००० च्या घरात. बसून काम आहे हे खरं, पण रोजचा चार्टांचा आकडा ठरलेला आणि अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेली की टीम लीड शेजारी खुर्ची ओढून बसतो. मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर पेन-कागद नाही, कारण पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. तिकडचा १९९६ चा कायदा आहे त्यासाठी, हिपा. कोडिंग बहुतेक दिवसाचं असतं. एआर कॉलिंगला मात्र रात्रपाळी, विमा कंपनीला फोन लावून "क्लेम का नाकारला" विचारत बसायचं. भाचीनं ऑफर लेटरमध्ये नेमकं काय लिहिलंय ते बघावं, "कोडिंग" सांगून कॉलिंगला बसवणारे आहेत. तिथं टिकायचं तर सर्टिफिकेशनची परीक्षा द्यावी लागते, तिची फी कंपनी भरते का तेही विचारावं.

मजा सांगू? गाईनं धडक दिली याला वेगळा कोड आहे. डब्ल्यू५५.२२. खोटं वाटत असेल तर शोधा.

गंगावेश_कट्टा

आणि म्हशीनं दिली तर?

कोडर_खराडी

यावर आमच्या टीममध्ये खरंच वाद झालाय. गाय-बैल एका कोडात, "इतर खुरवाले प्राणी" दुसऱ्यात, डब्ल्यू५५.३२. म्हैस कुठं घालायची? तमिळनाडूची पोरगी म्हणत होती गाईतच, मी म्हटलं आमच्या गंगावेशीला, म्हशीच्या दुधाच्या कट्ट्यावर, येऊन हे बोलून दाखव.

गंगावेश_कट्टा

म्हशीला "इतर" म्हणणाऱ्या देशाचं काम करू नका मामा. भाचीला एमआर करा.

सर्टिफिकेट_भिंतीवर

चौथी वाट कुणी काढलीच नाही. फार्मसिस्ट म्हणून नोंदणी करायची आणि सर्टिफिकेट कुणाच्या तरी मेडिकलच्या भिंतीवर टांगायचं, महिन्याला घरबसल्या पैसे. कितीतरी जण करतात.

भाऊसिंगजी_रोडवाला

आणि चुकीचं औषध दिलं गेलं, तपासणीला इन्स्पेक्टर आला, की नाव कुणाचं निघतं? भिंतीवरचं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनंच द्यायचं, हे १९४८ च्या फार्मसी कायद्यात आहे. चार वर्षं शिकून पोरीनं स्वतःचं नाव भाड्यानं द्यायचं? मामा, हा सल्ला पंचगंगेत सोडा.

स्टेंटवाला_होतो

धागा गोळ्यांवरच अडकलाय. उपकरणांचंही हेल्थकेअरच आहे. मी स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीच्या, लाइनीत होतो. अँजिओप्लास्टी चालू असताना आमचा माणूस कॅथलॅबच्या दारात पेट्या घेऊन उभा. आतून आवाज येतो, "२.७५ बाय २८ आहे का?" असला तर तुम्ही देव, नसला तर आयुष्यभर लक्षात राहाल. रात्री दोनला फोन आला की पँट चढवून निघायचं. इथं टार्गेटची माणसं आणि पेशंट यांच्यात फक्त एक काच असते, हा फरक आहे. बाहेर बाकावर त्याची बायको पिशवी धरून बसलेली दिसते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमती बांधल्या. औषध लावलेला स्टेंट २९,६०० ला, साधा ७,२६० ला. तोवर पेशंटच्या बिलात तोच लाखाच्या पुढंही लागायचा. दुसऱ्या दिवशी आमची इन्सेंटिव्हची शीट रद्दीत. मी घरी येऊन तोंड पाडून बसलो. बायको म्हणाली, "मग लोकांचं बरंच झालं की." यावर नवऱ्यानं काय बोलायचं?

नाद_खुळा_९

काही न्हाई. चहा मागायचा.

क्लेम_डेस्क

हॉस्पिटलात विम्याच्या खिडकीवर बसतो. खिडकीच्या अलीकडे टीपीएचा (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाचा) ईमेल, पलीकडे नातेवाईक. २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. घड्याळ कधी सुरू झालं यावरच भांडण होतं. "कागद अपुरे" अशी एक क्वेरी आली की तास परत पहिल्यापासून. पेशंट सकाळी दहाला कपडे घालून तयार, दुपारी चारला मी त्याच्या मुलाच्या शिव्या खातोय, आणि नकार देणारा माणूस कुठल्या शहरात बसलाय ते मलाही माहीत नाही. दाजींना सांगा, लोक आजारी पडायचे थांबत नाहीत हे खरं, पण त्याचा राग काढायलाही कुणीतरी समोर लागतं.

एमआर_ताई_जयसिंगपूर

सगळ्या दादांनी भारी लिहिलंय, पण मुलीनं एमआर व्हायचं तर काय, हे कुणी लिहिलं नाही. लिहिते.

सगळ्यात मोठी अडचण टार्गेट नाही, बाथरूम आहे. दिवसभर रस्त्यावर असता. एचक्यूमध्ये ओळखीची हॉस्पिटलं असतात, आउट-स्टेशनला एसटी स्टँडशिवाय काही नसतं. पाणी कमी पिणाऱ्या पोरी मी बघितल्यात आणि मग त्याच मुतखड्याच्या डॉक्टरकडे, बॅग न घेता. रात्री दहाची ओपीडी आटोपून गाडीवर घरी जाताना आईचा फोन चालू ठेवायचा. नव्या मॅनेजरबरोबर जॉइंट वर्किंगचे, म्हणजे तो सोबत फिरतो ते, पहिले दोन दिवस माणूस कसा आहे ते बघून घ्यायचं.

आणि तरीही मी ही नोकरी सोडली नाही. प्लँटमधल्या मैत्रिणीला रविवार मोकळा असतो की नाही हे ऑडिट ठरवतं, माझी दुपार माझी असते. लेकराच्या शाळेच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसलेली असते. हातात बॅग, पण बसलेली.

बॅग_नेहमी_भरलेली

ताई, हे आम्हाला कधी सुचलंच नसतं. +१

दसरा_चौकातला

मूळ प्रश्न साबण का गोळ्या असा होता ना? मामा गायब झालेत.

कळंबा_मामा

आहे आहे, वाचतोय. दाजींना स्टेंटवाल्यांचं वाचून दाखवलं, ते गप्प झालेत. भाचीलाही लिंक पाठवली. तिथंच घोळ झालाय.

तीच_भाची

मी तीच भाची. मामांनी मला न विचारता धागा काढलाय हे नोंदवून ठेवा, कागदावर, वेळेसकट.

सगळं वाचलं. मला पगार, सुट्टी, गाव यावर ठरवता येईना, तीन रात्री तेच चाललं होतं. आता एकच बघायचं म्हणतेय, चूक दिसली तर कुठं मला थांबवता येईल आणि कुठं नुसतं कळवता येईल. एमआर म्हणून मला आलेखाखालची बारीक अक्षरं दिसली तरी पुढच्या दवाखान्यात तेच पान उघडायचं आहे. कोडिंगमध्ये चार्ट लिहिणारा कधी भेटणारच नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात वेर्ण्याला मुलाखतीला जातेय. आईला अजून सांगितलेलं नाही, मामा, तुम्हीही सांगू नका.

क्यूए वाल्या ताईंना दोन प्रश्न. मूळ मार्कशीट जमा करून घेतात असं ऐकलंय, द्यायच्या का? आणि त्यांचा साहेब "नाही"च्या मागे उभा राहतो का, हे मुलाखतीत कसं ओळखायचं?

क्यूए_वाली_वेर्णा

मूळ कागद दाखवायचे, द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या, सही करून. अडून बसले तर उठून या, कोल्हापूरची गाडी संध्याकाळी असते. बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडायच्या करारावर) सही करायला सांगितली तर घरी नेऊन वाचते म्हणा. चांगली कंपनी हो म्हणते.

दुसऱ्यासाठी एवढंच विचार: "मागच्या वर्षी क्यूएनं थांबवलेल्या बॅचचं पुढं काय झालं?" सविस्तर सांगायला लागले, कुठलं डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं, काय सुधारलं, तर तिथं जा. "आमच्याकडे बॅच थांबतच नाही" म्हणाले तर तिथं पाणीसुद्धा पिऊ नको.

बॅग_नेहमी_भरलेली

आणि पोरी, पुढंमागं एमआर व्हावंसं वाटलंच, तर नेमणूकपत्र लेखी माग. आमच्यासाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आहे. निम्म्या पोरांना हे माहीतच नसतं, आणि साहेब स्वतःहून सांगत नाही.

कळंबा_मामा

ताईला मी काही सांगत नाही, पण सोडायला मीच जाणार. वेर्ण्याला कुठल्या घाटातनं बरं पडेल?

गंगावेश_कट्टा

राधानगरीवरून फोंडा घाट. वळणं आहेत, मामा, गाडी लागत असेल तर आधी गोळी घ्या.

नाद_खुळा_९

कुठली घ्यायची ते इथं विचारू नका, फार्मसिस्ट शेजारच्या सीटवरच असणार हाय.